गच्चीवर तार टाकली आणि खरखर वाढली: शॉर्टवेव्हसाठी मदत हवी

शॉर्टवेव्हवाला | 8 फेब्रुवारी, रात्री 10:50

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्याला चार मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. लहानपणी आमच्याकडे सकाळी शॉर्टवेव्हच्या 25 मीटर बँडवर रेडिओ सिलोन लागायचं. स्टेशन जरा सरकलं की वडील बटण दोन बोटांत धरून केसभर फिरवायचे. ती सवय माझ्या हाताला लागली ती आजवर सुटलेली नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीकडून गच्चीवर तार टाकायची परवानगी मिळाली. लिफ्टच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत 15 मीटर तार ताणली. एका टोकाला 9:1 ट्रान्सफॉर्मर (तार आणि केबल यांचा मेळ घालणारा) बसवला आणि तिथून केबलवाल्याची उरलेली आरजी-6 वायर खिडकीतून खोलीत आणली. सेट छोटा डीएसपी (डिजिटल) आहे, त्यावर सिग्नलचा आकडा डीबीमायक्रोव्होल्टमध्ये दिसतो, जोर जास्त तर आकडा मोठा.

रात्री लावून बघितलं तर 31 मीटरवर जिथे काहीच नाही तिथेही 41 आकडा आणि एकसारखी घरघर. मधूनमधून कसलीतरी कुईईई वर चढते आणि विरते. यापेक्षा बाल्कनीत नुसती सेटची दांडी काढली तरी जास्त स्टेशनं कळतात. एक ॲम्प्लिफायर मिळतोय, तो लावला तर उपयोग होईल का? पुढच्या आठवड्यात घ्यायचा विचार आहे.

---

तांब्याची तार | 8 फेब्रुवारी, रात्री 11:31

ॲम्प्लिफायर घेऊ नका. स्टेशन आणि गोंगाट एकाच वायरमधून येत असतील तर तो दोन्ही सारखेच मोठे करील. तुम्हाला या दोघांमधलं अंतर वाढवायचंय.

आधी एक छोटी चाचणी करा. गच्चीवर जाऊन तार ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूपासून सोडवा. केबल तशीच जोडलेली राहू द्या. खाली येऊन त्याच फ्रिक्वेन्सीवर आकडा बघा. एकदम खाली आला तर गोंगाट तारेतून येतोय. तसाच राहिला तर तुमची खरी एरियल ती 15 मीटर तार नसून तुमच्या घरातून फिरणारी केबल आहे. पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून ते आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

---

जुना_मर्फी | 9 फेब्रुवारी, सकाळी 7:15

माझ्या अनुभवाने अर्थिंग बघा. आमच्या वेळी लांब तारेच्या सेटला मागे दोन स्क्रू असायचे, एक एरियलचा, एक अर्थचा. अर्थ जोडला की सेट शांत व्हायचा. थ्री पिन सॉकेटच्या अर्थला केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण) जोडून पाहा.

---

शॉर्टवेव्हवाला | 9 फेब्रुवारी, रात्री 11:05

दोन्ही करून पाहिलं.

तार सोडवली, आकडा 41 वरून 37. म्हणजे जवळजवळ सगळं तिथेच! इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटच्या अर्थला जोडून घेतलं तर 37 चा 43 झाला. मर्फीकाका, राग मानू नका, पण तो अर्थ लगेच काढायला लावला.

---

तांब्याची तार | 9 फेब्रुवारी, रात्री 11:48

काकांचं त्यांच्या काळापुरतं अगदी बरोबर होतं. तेव्हा अर्थ म्हणजे अंगणात पुरलेला नळ असायचा आणि घरात दोन बल्ब आणि एक पंखा. आज थ्री पिनच्या अर्थवर फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या फिल्टरमधला कचरा येऊन पडतो. ती वायर चार मजले उतरून जमिनीत जाते, तोवर शॉर्टवेव्हच्या दृष्टीने तीच एक लांब एरियल झालेली असते. (उपकरणांचा अर्थ मात्र कोणीही काढू नये. तो जीव वाचवायला आहे.)

आता केबलचं. एका टोकाने जोडलेल्या तारेला दुसरा पाय लागतो. जमिनीवर असतो तर ट्रान्सफॉर्मरखाली खुंटी ठोकून तो पाय दिला असता. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर जमीन नाही, म्हणून केबलची जाळीच दुसरा पाय होऊन बसते. ती जाळी खिडकीतून आत येते, टीव्हीच्या मागून जाते, चार्जरच्या शेजारून जाते. आणि चार्जरच्या पोटात मेन आणि आउटपुट यांच्या मध्ये एक छोटा, बहुधा निळा, कपॅसिटर असतो. सेटटॉप बॉक्सच्या पत्र्याला हात लावल्यावर कधी कधी बारीक मुंग्या येतात ना, त्या त्याच्यामुळे. त्याच वाटेने चार्जरचा गोंगाट घरभरच्या वायरिंगवर पसरतो आणि तुमच्या जाळीवर चढतो.

तेव्हा कामं दोन. घरातला गोंगाट कमी करायचा आणि केबलवरून वर चढायची त्याची वाट बंद करायची. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, पण पहिलं फुकट आहे. सेट बॅटरीवर लावा, मेन बंद करा, मग एकेक एमसीबी चालू करत आकडा लिहून काढा.

---

बंदरकाठ | 10 फेब्रुवारी, दुपारी 1:20

लोडशेडिंगच्या दिवसांची आठवण झाली. रात्री गावभर वीज गेली की आम्ही सेट घेऊन ओटीवर बसायचो. बँड इतका स्वच्छ व्हायचा की स्टेशनांच्या मागची शांतता ऐकू यायची. वीज आली की डीपीवर खट्ट आवाज, आणि बँडवर पुन्हा पडदा. तेव्हा कारण कळलं नव्हतं.

शॉर्टवेव्हवाला, मेन बंद करताना इन्व्हर्टर विसरू नका.

---

शॉर्टवेव्हवाला | 11 फेब्रुवारी, रात्री 12:40

बंदरकाठ यांचा प्रतिसाद वाचला नसता तर मी आज चुकीचाच निष्कर्ष काढला असता. मेन खाली केला, दिवे क्षणभर मिटले, इन्व्हर्टर टक्क करून चालू झाला आणि गोंगाट उलट वाढला! मग इन्व्हर्टरच्या मागचं बटणही बंद केलं. सगळा अंधार. टॉर्च तोंडात धरली, वही गुडघ्यावर. तार परत जोडलेली होती. सेटचा आकडा 41 वरून थेट 27.

ज्या क्षणी घर बंद झालं त्या क्षणी 10 मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम वेळकेंद्राची सेकंदाची टिकटिक स्वच्छ ऐकू आली. गेला महिनाभर मी तिथेच रोज नुसती घरघर ऐकत होतो. ती टिकटिक रोज तिथे होती.

मग एकेक चालू केलं. घरच्यांनी एक तास अंधार सोसला, त्यांचे आभार. पॅसेजमधली एलईडी ट्यूब सगळ्यात वाईट, एकटीने 8 डीबी. ती दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरून स्वस्तात घेतली होती. वायफायच्या राउटरचा अडॅप्टर 4. मोबाइलचा फास्ट चार्जर नुसता सॉकेटमध्ये असला तर काही नाही, पण फोन लावला की ती कुईईई सुरू, आणि फोन भरत आला की तिचा सूर सरकत जातो. दिवाणखान्यातला पंखा दोनवर असला की ढणढण, पाचवर शांत. बेडरूमचा पंखा कुठल्याच स्पीडवर काही करत नाही. हे का?

---

तांब्याची तार | 11 फेब्रुवारी, सकाळी 8:10

वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

दिवाणखान्यातला रेग्युलेटर गोल, सलग फिरणारा असणार. त्यात ट्रायॅक असतो. तो वीजलहरीचा प्रत्येक अर्धा भाग मधेच तोडतो, सेकंदाला 100 वेळा. ती धारदार कड म्हणजेच तुमची ढणढण. पाचवर तो जवळजवळ पूर्ण उघडा असतो म्हणून गप्प. बेडरूमचा खटखट पायऱ्यांनी फिरणारा असेल, त्यात कपॅसिटर असतात, ते काही तोडत नाहीत. दिवाणखान्यात तोच बसवून घ्या.

चार्जरचा सूर सरकतो कारण आतली स्विचिंगची गती लोडप्रमाणे बदलते. असा चार्जर एका जागी नसतो, त्याच्या गतीच्या दर पटीला एकेक उंचवटा उठतो, बँडभर, सारख्या अंतरावर. कान तयार झाला की नुसतं ऐकून सांगता येतं: 100 हर्ट्झची ढणढण म्हणजे ट्रायॅक किंवा विजेचा खांब, सरकती शिट्टी म्हणजे स्विचिंगचा अडॅप्टर, क्षणभर येऊन जाणारी करकर म्हणजे मिक्सरचे ब्रश.

राउटरला जुन्या पद्धतीचा एलिमिनेटर लावा. लोखंडी ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर आणि 7812 (12 व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप). फक्त राउटर किती अँपिअर घेतो ते पाहून ट्रान्सफॉर्मर निवडा आणि 7812 ला पत्र्याचा हीटसिंक द्या. प्रत्येक डायोडवर 0.01 मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर डकवायला विसरू नका. तो नसला तर स्टेशन बरोबर लावल्यावरच एक गुणगुण येते आणि माणूस सेटमध्ये दोष शोधत बसतो.

---

एसडीआर_पोरगा | 11 फेब्रुवारी, दुपारी 4:02

मी डोंगल (लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा रेडिओ) वापरतो. स्क्रीनवरच्या धबधब्यावर (सरकत्या वॉटरफॉल आलेखावर) तुम्ही म्हणता ते उंचवटे चक्क दिसतात, दर 65–70 किलोहर्ट्झला एक. पण माझा प्रश्न वेगळा आहे. एरियल काढली तरी थोडे उंचवटे राहतात. आणि 49 मीटरवर चक्क पुणे केंद्र ऐकू येतं, मराठी बातम्या!

---

तांब्याची तार | 11 फेब्रुवारी, रात्री 9:37

दोन वेगळ्या गोष्टी. एरियल काढल्यावर उरतं ते लॅपटॉपमधून यूएसबीच्या वायरने येतंय. लॅपटॉप चार्जरवरून काढून बघा, बरंचसं जाईल. उरलेल्यासाठी यूएसबीची वायर फेराइटच्या (काळ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून सातआठ वेढे घालून न्या.

पुणे केंद्राचं मूळ घर 792 किलोहर्ट्झ, मध्यम लहरी. ते 49 मीटरवर दिसतं कारण जवळचा ताकदवान सिग्नल डोंगलला झेपत नाही. हा बाहेरचा गोंगाटच नाही, त्यावर चोकचा, म्हणजे अशा फेराइटवरच्या वेढ्यांचा, इलाज चालणार नाही. मध्यम लहरी अडवणारा हायपास फिल्टर आधी लावा किंवा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) खाली आणा. सेटवर डीएक्स (दूरची स्टेशनं) आणि लोकल असं बटण असेल तर लोकलवर टाका. लांब तार लावणारे पुष्कळजण या ओव्हरलोडलाच खरखर समजतात.

---

शॉर्टवेव्हवाला | 12 फेब्रुवारी, रात्री 10:15

एलईडी ट्यूब बदलली, रेग्युलेटर बदलला. आकडा 41 चा 33. मेन बंद असताना 27 होता. म्हणजे 6 अजून माझ्याच घरात आहेत आणि 27 शेजाऱ्यांचे आणि लिफ्टचे. लिफ्ट हलली की दहा सेकंद भर्रर्र, थांबली की बंद.

आता वाट बंद करायचं काम सांगा.

---

तांब्याची तार | 13 फेब्रुवारी, सकाळी 6:55

सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न इथे दर दोनतीन महिन्यांनी येतो.

लिफ्टच्या खोलीपासून तार सुरू केलीत ते बदलावं लागेल. नव्या लिफ्टची मोटर इन्व्हर्टर ड्राइव्हवर चालते आणि तो ड्राइव्ह तुमच्या तारेच्या टोकाशी चार हातांवर आहे. गच्चीचा त्यापासून सगळ्यात लांबचा कोपरा शोधा. दहा मीटर सरकलं तरी फरक पडतो, कारण जवळच्या गोंगाटाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो.

मग तीच 15 मीटर तार बरोब्बर मध्यात कापा. 143 ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. 9.6 ला ती 14.9 येते, म्हणजे तुमची तार 31 मीटर बँडसाठी आयतीच मापाची आहे. साडेसात मीटरचे दोन हात, मध्ये केबल. आता तारेला स्वतःचे दोन पाय झाले, केबलच्या जाळीची गरज उरली नाही. 9:1 ट्रान्सफॉर्मर काढून ठेवा, अशा तारेच्या मध्यावर 70 ओहमच्या आसपास असतात आणि तुमची आरजी-6 आहेच 75 ची. 25 आणि 41 मीटरवरही ही ऐकायला चालेल. ऐकण्यासाठी माप तंतोतंत लागत नाही, शांतता लागते.

मध्यावर आणि पुन्हा खिडकीतून आत येण्याआधी एकेक चोक घाला. चोक म्हणजे केबलचेच फेराइटच्या कड्यावर वेढे. स्टेशन केबलच्या आत, मधली तार आणि जाळीची आतली बाजू यांच्यात धावतं, त्याला चोक दिसतच नाही. गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगाने येतो, त्याच्या वाटेत मात्र मोठा अडथळा उभा राहतो.

कडं मिक्स 31 चं (हा फेराइटचा प्रकार) घ्या, एफटी-240-31 या नावाने मिळतं, बाहेरचा व्यास 61 मिलिमीटर. आरजी-6 जाड आहे, वाकवली तर आतली तार सरकते, तेव्हा चोकसाठी बारीक आरजी-174 चा दीड मीटरचा तुकडा वापरा. 12 वेढे. लॅपटॉपच्या वायरवरचे ते प्लॅस्टिकचे ठोकळे एकदाच अडकवून लोक निराश होतात. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडांवर एका फेरीच्या मानाने 12 वेढे म्हणजे ढोबळमानाने 144 पट. पिवळी-पांढरी लोखंडी भुकटीची कडी जुन्या पीसीच्या सप्लायमध्ये भरपूर सापडतात. ती या कामाची नाहीत.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला. दुकानदाराला मिक्सचा नंबर सांगा, नुसतं फेराइट म्हणालात तर हाताला येईल ते देतील.

---

बाल्कनी | 13 फेब्रुवारी, दुपारी 12:44

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे गच्ची नाही, ठाण्यात सातव्या मजल्यावर फक्त बाल्कनी आहे. माझा उपाय सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

मी साधारण मीटरभर व्यासाचा लूप (गोल कड्याची एरियल) केलाय, ॲल्युमिनिअमच्या पट्टीचा, खाली छोटा ॲम्प्लिफायर. लूपचं ऐकणं आठच्या आकड्यासारखं असतं, दोन बाजूंनी भरपूर आणि आडव्या दोन बाजूंनी जवळजवळ शून्य. सुरुवातीला मी स्टेशन मोठं व्हावं म्हणून तो फिरवायचे. ते चुकत होतं. आता उलट करते: रिकाम्या जागी सेट लावते आणि घरघर कमीत कमी होईपर्यंत लूप फिरवते, मग हात लावत नाही. शेजारच्या फ्लॅटचा गोंगाट एकाच दिशेने येतो, तो लूपच्या त्या शून्याच्या खड्ड्यात पडतो. स्टेशन आकाशातून तिरकं उतरतं, ते त्या खड्ड्यात सहसा पूर्ण जात नाही. खड्डा फार अरुंद असतो, दोन बोटं फिरवलं तरी निसटतो. मी फरशीवर खडूने खूण केली आहे.

इथे ॲम्प्लिफायर चालतो कारण लूप मुळातच कमी पकडतो. पण त्याला स्विचिंगचा अडॅप्टर लावू नका, मी एलिमिनेटरच लावलाय.

---

बंदरकाठ | 13 फेब्रुवारी, रात्री 9:20

आमच्याकडे घरं विरळ, त्यामुळे शेजाऱ्यांचा त्रास कमी, पण खांबाचा होता. जानेवारीपासून ढणढण वाढत जायची, पहिल्या पावसात एका रात्रीत गायब. सैल क्लॅम्पमध्ये बारीक ठिणगी पडत असते, ओल आली की ती फट बुजते. समुद्राकडच्या लोकांना इन्सुलेटरवरच्या मिठाचाही अनुभव असेल, तो उलट दमट रात्री ओरडतो.

मी बॅटरीचा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून रस्त्याने चालत गेलो. नंतर त्याच खांबांशी शॉर्टवेव्हच्या वरच्या बँडवर ऐकलं. मध्यम लहरींवर गोंगाट तारांबरोबर लांब पसरतो, सगळेच खांब दोषी वाटतात. वरच्या बँडवर तो फक्त ठिणगीच्या जवळ ऐकू येतो. खांबाचा नंबर लिहून लेखी अर्ज दिला, तीन आठवड्यांनी वायरमन आला, क्लॅम्प आवळला, संपलं. खांबाला दगड मारून किंवा हलवून बघू नका. वर 11 हजार व्होल्ट असतात.

---

म्युनिकहून | 14 फेब्रुवारी, पहाटे 2:10

इथे जर्मनीत असा त्रास झाला तर बुंडेसनेत्झआगेंटुर या सरकारी संस्थेकडे तक्रार करता येते आणि त्यांची माणसं मापनाची यंत्रं घेऊन येतात. तरीही शेजाऱ्याच्या दारावर आधी आपणच गेलेलं बरं, असा माझा अनुभव. बहुतेकांना आपल्या दिव्यातून काही बाहेर पडतं हेच माहीत नसतं.

---

हेमंत_ऋतू | 14 फेब्रुवारी, सकाळी 10:30

मनापासून विचारतो, शॉर्टवेव्हवर आता उरलंय काय? बीबीसी हिंदीनेही 31 जानेवारी 2020 ला रेडिओ प्रसारण थांबवलं.

---

शॉर्टवेव्हवाला | 14 फेब्रुवारी, रात्री 10:02

ती शेवटची सभा मी ऐकली होती, त्यामुळे तुमचा प्रश्न समजतो. पण 6676 किलोहर्ट्झवर मुंबई विमानांना हवामान सांगते, शहरांची नावं एकामागून एक येतात. 7 मेगाहर्ट्झला संध्याकाळी आपले हॅम (हौशी रेडिओवाले) लोक गप्पा मारत असतात. 31 मीटरवर चीनची केंद्रं तर रात्रभर असतात. आणि ज्याला आपण रिकामा बँड म्हणतो तो कितीतरी वेळा आपल्याच ट्यूबलाइटने झाकलेला असतो, हे या आठवड्यात मी डोळ्यांनी पाहिलं.

---

शॉर्टवेव्हवाला | 23 फेब्रुवारी, रात्री 11:30

काम झालं, आकडे देतो.

कडी मिळायला दोन चकरा पडल्या. पहिल्या दुकानात मिक्स 43 ची होती, दुसऱ्याकडे 31 ची. रविवारी दुपारी गच्चीवर तार कापली तेव्हा हात थबकला होता, सबंध तार ताणायला इतके कष्ट घेतले होते. दोन हात पूर्वेच्या कठड्याकडे नेले, लिफ्टच्या खोलीपासून जवळजवळ 20 मीटर. मध्यावरचा चोक एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, डब्याला खालून भोक ठेवलंय, आत साचलेलं पाणी निघून जायला. दुसरा खिडकीबाहेर.

रात्री, सगळं घर चालू, टीव्हीसुद्धा: 31 मीटरवर रिकाम्या जागी 18. सुरुवातीला 41 होता. तार सोडवून पुन्हा तीच चाचणी केली, आकडा 7. म्हणजे आता जे ऐकू येतं ते तारेतूनच येतं. लिफ्टचा भर्रर्र अजून आहे, पण खाली दबलेला, त्यावर माणसाचा आवाज कळतो.

---

तांब्याची तार | 24 फेब्रुवारी, सकाळी 7:05

23 डीबी! उत्तम. तार सोडवून पुन्हा बघितलंत हे विशेष आवडलं.

आता एक काळजीचं. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढायची आणि टोक खिडकीबाहेर टाकायचं. घरात लोंबत ठेवायचं नाही. लांबवर गडगडलं की करू असं म्हणू नका, घराबाहेर पडताना आणि झोपताना रोजच काढायची सवय लावा. अशा ढगांत सेट गेलेले मी तीन पाहिलेत.

---

जुना_मर्फी | 24 फेब्रुवारी, सकाळी 8:40

अभिनंदन. राग कसला मानायचा, मीही शिकलो. माझ्या कपाटात 12 व्होल्टचे दोन लोखंडी एलिमिनेटर पडून आहेत, अँपिअरभर देतात. पुण्यातच आहे. हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

शॉर्टवेव्हवाला | 24 फेब्रुवारी, रात्री 9:55

काका, व्यनि केलाय, दोन्ही न्यायला येतो. एक माझ्या राउटरला. दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसाठी, त्यांच्या देवघरातल्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर रोज संध्याकाळी सात ते नऊ 25 मीटरवर येतो. काल त्यांच्या दारात सेट नेऊन त्यांनाच ऐकवला. पट्टी बंद केली, आवाज थांबला, चालू केली, सुरू. त्या म्हणाल्या, बदल की मग. पट्टी 12 व्होल्टची आहे, अर्धा अँपिअर घेते. चालेल ना?